नूरा नावाच्या चार मुली

बाळांनो, तुमच्या पत्रातली मुलींच्या नावांची यादी मी दोनदा वाचली. नाव दोन अक्षरी हवं, तिकडच्या लोकांना म्हणता यायला हवं आणि सहसा कुणाचं नसावं, या तुमच्या अटी रास्तच आहेत. उत्तर लिहायला बसले, तोच शेजारच्या बाळंतिणीच्या खोलीतून ओवा आणि बाळंतशोपांच्या धुरीचा वास आला. उग्र, जरासा गोडसर, कपड्यांत दिवसभर रेंगाळणारा. त्या वासाबरोबर एक नाव आठवलं. ते तुम्ही ठेवावं असं मी म्हणत नाही. पण ते कुठून आलं हे सांगणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही, म्हणून आजच लिहिते.

निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. परंड्याच्या मुलींच्या शाळेत मी नव्यानं लागले होते; इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, नीटनेटकेपणाचा जरा जास्तच अभिमान असलेली. पहिल्याच दिवशी हजेरीत ‘नूरा’ असं पुकारलं आणि चार मुली उभ्या राहिल्या. एक शेतकऱ्याची, एक सोनाराची, एक कोष्ट्याची आणि चौथी चक्क पुजाऱ्यांच्या घरची. चौघींच्या कपाळावर ठसठशीत कुंकू.

ते नाव गावातल्या सुईणीचं होतं. किल्ल्याच्या खंदकापलीकडच्या मोहल्ल्यात राहणारी ती मुसलमान बाई. तिच्या हाताला यश आहे असं सगळे म्हणत. ज्या घरात मुलं जगत नसत तिथं नवं बाळ सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवत. सुईण ते उचलून घेई, आणि मग आई मूठभर कोंडा देऊन तिच्याकडून ते मागून घेई. तेव्हापासून मूल सुईणीचं, आईकडे नुसतं सांभाळायला. मुलगी असली तर नावही सुईणीचंच, म्हणजे आधीची लेकरं नेणाऱ्या दुर्दैवाला वाटावं की हे मूल या घरचं नव्हेच. अशा मुली जगल्या आणि नावाचा बोलबाला झाला. पुढं तर धडधाकट लेकरांच्या घरांतही ते हौसेनं ठेवू लागले.

मला यातलं तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. रझाकारांच्या दिवसांच्या जखमा ओल्या होत्या. मधल्या सुट्टीत शेतकऱ्याच्या नूराला पोरी चिडवत, “ए, तुझं घर मोहल्ल्यात हाय, हिकडं कशाला येतीस?” ती रडायची नाही, पोलक्याची गुंडी चावत बसायची. मला कळवळा आला. कुणालाही न विचारता मी पटावर तिचं नाव ‘नूतन’ लिहिलं, सुरेख गोल अक्षरात.

तिसऱ्या दिवशी तिची आई शेतातून थेट शाळेत आली.

“बाई, माझ्या लेकीचं नाव तुमी बदललंत?”

“मुली चिडवतात हो तिला. आणि नावानं का कुठं काही होतं?”

“व्हत न्हाय, तर बदललंत कशापायी?”

मी पट मिटून बाजूला ठेवला, तशी तीच पुढं म्हणाली,

“तीन लेकरं मातीत घातली म्या. ही चवथी, अन् ही माझी न्हायच. दुसरीनं सांभाळाय दिलेल्या लेकराचं नाव म्या कसं बदलू द्यू? तिनं ऐकलं अन् माघारी मागितली तर?”

सुपाची ती रीत मला तेव्हा तिच्या तोंडून कळली. सुईणीनंच परवानगी दिली तर हिची भीती जाईल, असा विचार करून मी तिला बोलावणं धाडलं. ती आली, वर्गाच्या दाराबाहेरच थांबली. सगळं ऐकून घेतलं, पोरीच्या मानेवरची घामोळी बोटानं चाचपली.

“रैने दो बाई, नवंच नाव रैने दो,” ती म्हणाली. “पोरी कू तरास नक्को.” आणि आईकडे वळून, “जा, दिली तुला. कायमची.”

आईचा चेहरा पांढराफटक पडला. “असं बोलू नका, मावशी! तुमी सोडली तर हिनं जगायचं कसं? अन् तुमाला तरी हितं कोन हाय आमच्याबिगर?”

सुईणीचा एकुलता मुलगा पोलीस कारवाईनंतरच्या धरपकडीत हैदराबादेकडं गेला तो परतलाच नव्हता, हे मला नंतर समजलं.

“माझं नाव नूरा हाय,” पोरगी मध्येच म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

मी लाल शाईनं ‘नूतन’वर रेघ मारली. खाडाखोडीबद्दल मुख्याध्यापिकांची बोलणी खाल्ली, ती मुकाट्यानं. दुसऱ्या दिवशी वर्गाला सुपाची गोष्ट सांगितली, तर चिडवणाऱ्या पोरी घरी जाऊन आयांशी भांडल्या, “मला का न्हाय घातलं सुपात?”

नावात काही नसतं असं मानणारी त्या दारात मी एकटीच होते, आणि नावाला हात लावणारीही मीच. आपल्या शहाणपणाचा इतका स्वच्छ पराभव पुढं फारसा वाट्याला आला नाही. मग सरकारी दवाखाना आला, बाळंतपणं तिकडं होऊ लागली आणि सुपाची रीत मागं पडली. सुईण गेली. परवा जुन्या सहकारी बाईंचं पत्र आलं. त्यावरून कळतं की गावात या नावाची नवी मुलगी कुणी ऐकलेली नाही. शेतकऱ्याची ती लेक मात्र परंड्यात आहे. तिची मुलंबाळं आहेत, आणि तिचं नाव नूरा आहे.