रॅप्टरचा आत वळलेला पाय

डॉक्टर कोणताही पुतळा पायाकडून पाहायला सुरुवात करत. तोंड, दात, रंग हे सगळे नंतर. मंगरूळपीरला गुरांचे डॉक्टर म्हणून त्यांची सारी नोकरी झाली होती. बाजारात बैल पारखायची ती रीत त्यांनी निवृत्तीनंतर इंग्रजी सिनेमांतल्या डायनासोरांच्या पुतळ्यांना लावली. घोट्यापासून वर बोट फिरवत ते म्हणत, "तोंड तं कोनीबी रंगवते. जनावर पायावर उभं असते."

ही खेळणी नव्हेत, हे मला त्यांच्याकडूनच कळले. हे पुतळे रेझिनचे, म्हणजे साच्यात ओतून घट्ट केलेल्या राळेचे, हातभर लांब आणि मोजकेच घडवलेले असतात. हौशी माणसे ते जपतात, आपसांत विकतात. मूळ साच्यातल्या पुतळ्याला मोल असते, त्यावरून काढलेल्या नकलेला नसते. डॉक्टरांची बैठक अशा पुतळ्यांनी भरली होती. उन्हाळ्यात कूलर त्यांच्याकडे तोंड करून असे, कारण आमच्याकडच्या उन्हात रेझिन नरमते आणि पुतळा हळूहळू कलतो. डॉक्टरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणत, "माणसं शिजून राह्यली अन् पालींले हवा." डॉक्टर कूलर थोडा वळवत आणि काकू आत गेल्या की पुन्हा जागेवर आणत.

मी तिथल्या कॉलेजात ग्रंथपाल. मला ते 'पुस्तकवाले' म्हणत. एकदा मी त्यांना पुस्तक उघडून दाखवले, की रॅप्टर या डायनासोरच्या अंगावर खरे तर पिसे असत आणि त्याचे तळवे जमिनीकडे नसून टाळी वाजवताना असतात तसे समोरासमोर असत. त्यांनी चित्र नीट पाहिले.

"मले मालूम हाये, पुस्तकवाले. पन हा पुतळा हाडाचा नाई, पडद्याचा हाये. सिनेमानं चूक केली असंन तं पुतळ्यानंबी तेच चूक केली पायजे. सुधारला का खोटा झाला."

नाशिकहून, हैदराबादहून लोक त्यांना मोबाईलवर फोटो पाठवत. 'घ्या' किंवा 'सोडा' एवढेच त्यांचे उत्तर असे. लोक त्या एका शब्दावर खरेदी करत, आणि डॉक्टरांना त्याचा अभिमान होता. तो ते बोलून दाखवत नसत.

कारंज्याच्या एका कापडवाल्या शेठजींनी असाच एका रॅप्टरचा फोटो पाठवला. तसाच पुतळा डॉक्टरांकडेही होता, पण त्याचा डावा घोटा आत वळलेला होता. शेठजींच्या फोटोतला पाय सरळ होता. डॉक्टर बराच वेळ फोटो पाहत राहिले. "हाच बरोबर. माहा उन्हानं वाकला," असे म्हणून त्यांनी 'घ्या' लिहिले. शेठजींनी घेतला.

काही महिन्यांनी मी त्यांच्याकडे बसलो असताना ते त्या रॅप्टरचा सिनेमा पुन्हा पाहत होते. एका ठिकाणी रॅप्टर थांबून मागे पाहतो. डॉक्टरांनी चित्र तिथेच थांबवले. डावा घोटा आत वळलेला होता.

"म्हणजे तुमचा वाकलेला नाही," मी म्हणालो.

"नाई. सिनेमातलाच तसा हाये."

"मग शेठजींचा?"

"नकल हाये. ज्याच्यावरून काढली त्याचा पाय मोडला असंन, अन् जोडनाऱ्यानं सरळ बसवला. लय चांगला बसवला." चित्र पुन्हा सुरू करत ते म्हणाले, "मीबी जनमभर गुरांचे पाय तसेच सरळ बसवले. म्हनून फसलो."

फोन करा म्हटले तर ऐकेनात. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने कारंज्याला निघालो. त्यांचा रॅप्टर शालीत गुंडाळून त्यांच्या मांडीवर होता. कंडक्टरने विचारले, "काय हाये? कोंबडा?"

"कोंबड्याचा आजा," डॉक्टर म्हणाले.

दुकानात त्यांनी चहा आधी घेतला नाही. "शेठजी, तुमचा खोटा हाये. माह्या शब्दावर घेतला तुमी. हा ठेवा, तो मले द्या."

शेठजींनी शाल उघडून पाहिले. "डॉक्टर, हा तं लंगडा हाये."

"हो. तोच खरा."

"राहू द्या ना. मले तं माहाच चांगला दिसते."

"मलेबी दिसला होता."

शेठजींनी नोकराला सांगून आपला पुतळा खाली उतरवून घेतला.

नंतर फोटो आला की डॉक्टर 'हातात घेतल्याशिवाय सांगत नाही' असे कळवू लागले. नाशिकहून पुतळा हातात द्यायला कोण येणार? हळूहळू फोटो यायचे थांबले. त्यांनी त्याबद्दल तक्रार केली नाही, पण मोबाईल मात्र जवळच ठेवत.

यंदा त्यांचा आजार वाढला तेव्हा शेठजी भेटायला आले. मी खाटेशेजारी होतो. काकूंनी आणलेला चहा संपल्यावर शेठजी म्हणाले, "डॉक्टर, एक इचारू? अकोल्याचा एक कारागीर आला होता. म्हने या रॅप्टरचा पाय बिघडला हाये, सरळ करून देतो. करू देऊ काय?"

डॉक्टरांनी डोळे उघडले. "कोनालेबी हात लावू देऊ नका."

"नाई देत."

मग त्यांनी पाणी मागितले. त्याच आठवड्यात डॉक्टर गेले.

मी अधूनमधून कारंज्याला जातो. काउंटरमागच्या काचेत रॅप्टर उभा असतो. गिऱ्हाईक कापड पाहता पाहता वर पाहते आणि एक पाय वाकडा असल्याचे सांगते. शेठजी कापडाची घडी घालत म्हणतात, "तसाच हाये तो."