ताठपणासाठी इंग्रजी शब्द हवा आहे

सबनीस सरांची आणि माझी पहिली ओळख अर्ध्या गुणाने झाली. आठवीच्या चाचणीत इंग्रजीच्या एका उत्तराची जागा मी कोरी सोडली होती. तिथे सरांनी लाल शाईने अर्धा गुण लिहिला. मी विचारायला गेलो, तर म्हणाले, "माहीत नसताना भलता शब्द कोंबला नाहीत, त्याचा हा अर्धा. उरलेला, शब्द सापडेल तेव्हा." विद्यार्थ्यालाही 'अहो' म्हणणारा असा माणूस पनवेलमध्ये मी दुसरा पाहिला नाही.

आता सरांच्या पंचाहत्तरीच्या मानपत्रात एक इंग्रजी ओळ हवी, असे समितीने ठरवले आणि ती माझ्या गळ्यात मारली. सर ताठ जगले, एवढेच लिहायचे आहे. 'इरेक्ट' म्हणावे तर कवायतीतला शिपाई दिसतो, आणि सर आता कमरेत वाकून, काठीने चालतात. 'अपराइट'मध्ये सचोटी आहे, पण शब्दकोशात तिच्या शेजारीच एक 'अपराइट पियानो' उभा आहे. 'स्ट्रेट' तर आडवी पडलेली पट्टीही असते. त्यातून धास्ती अशी, की निवृत्तीच्या मानपत्रातला 'थोर' हा शब्द सरांनी व्यासपीठावरच लाल पेनाने खोडला होता आणि मगच ते स्वीकारले होते.

समितीचे अध्यक्ष हिराजीशेठ यांना मात्र शंका नाही. "व्हर्टिकल लिवा. सरांनी मना शिकवलेला तो एकच इंग्रजी शब्द हाय."

आज इमारती बांधणारे हिराजीशेठ तेव्हा गवंडी होते. शाळेची नवी भिंत त्यांनी बांधली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सरांनी ओळंबा म्हणून दोऱ्याला कुलूप बांधून तो भिंतीशी धरला.

"गुरुजी, भिंत वाकडी नाय, तुमचा दोरा वाकडा हाय."

"असेल. तुम्ही धरा, मी बघतो."

तीनदा धरून झाल्यावर हिराजींनी पहार उचलली. उद्घाटन लांबले, पाहुणे रुसले. संस्थेने जाब विचारला तेव्हा सर एवढेच म्हणाले, "भिंत माझ्या सांगण्यावरून पडली." गवंड्याचे नाव त्यांनी घेतले नाही. त्यांची बदली झाली आणि पुढची तीन वर्षे ते रोज लांबच्या ओवे गावातल्या शाळेत शिकवायला जात होते.

हे कोणत्या विशेषणात बसते, मला कळेना. शेवटी मागच्या आठवड्यात मी सरांकडेच गेलो. मला दारात पाहून ते टेबलाला धरून, सावकाश, अर्धवट वाकलेले उभे राहिले. विद्यार्थी आला तरी ते उठतातच.

"सर, ताठ माणसाला इंग्रजीत नेमके काय म्हणावे?"

"माणूस आणा, मग शब्द बघू," म्हणाले.

माणूस समोर उभा होता आणि मला सांगता येईना.

तेव्हा मानपत्रात ती ओळ छापली आहे आणि विशेषणाची जागा कोरी आहे. "छापखान्याची चूक वाटंल," हिराजीशेठ कुरकुरले. वाटो. सर, आपल्या नियमाप्रमाणे अर्धा गुण माझा झाला. उरलेल्या अर्ध्यासाठी शब्द शोधतो आहे, आणि माझा वेग आपल्याला आठवीपासून ठाऊक आहे. तेवढी सगळी वर्षे आपण निरोगी राहावे, आणि लाल पेन हाताशी असू द्यावे.