बिनव्याजी फ्रीझर

समोरच्या भाभींना कार्ड मिळालं नाही, म्हणून ते मी माझ्या नावावर घेतलं. पुढे जे झालं त्याचं मूळ एवढंच.

भाईंदर पश्चिमेला, मार्केटच्या मागच्या गल्लीत आमची इमारत आहे. आमचं आणि भाभींचं दार समोरासमोर. आम्ही रत्नागिरीकडचे, ते सौराष्ट्रातले. त्यांचा नवरा पूर्वेला एका गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारायचं काम घेतो. मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काउंटरवर बसते. इतक्या वर्षांत आमच्यात वाटीभर साखरेपासून दवाखान्याच्या रांगेपर्यंत सगळी देवाणघेवाण झाली होती. भाभी माझ्याशी हिंदीत बोलायच्या, मी अर्धं मराठीत उत्तर द्यायची, आणि कुणाला काही अडायचं नाही.

लॉकडाऊननंतर भाभींनी कचोऱ्या करून विकायला सुरुवात केली. कच्च्याच, गोठवलेल्या. गिऱ्हाइकाने घरी नेऊन तळायच्या. मग अळूवड्या आल्या, मटारच्या करंज्या आल्या. त्यांच्या फ्रीजमध्ये जागा संपली तेव्हा आमच्या बर्फाच्या कप्प्यात डबे आले. तिथेही मावेना तेव्हा एका रविवारी त्या म्हणाल्या, "दीदी, डीप फ्रीझर लेना है. तुम साथ चलो. तुम्हारे सामने वो लोग उल्लू नहीं बनाएगा."

शोरूममधला विक्रेता फार गोड बोलणारा होता. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि म्हणाला, "झिरो व्याज, मॅडम. चोवीस हजाराचा माल, सहा हप्ते, महिन्याला चार हजार. आमच्या स्टोअरचं कार्ड काढायचं फक्त. कार्ड लाइफटाइम फ्री."

"फ्री में कोई क्यूँ देगा?" भाभींनी विचारलं.

तो हसला. "कंपनी की स्कीम है, आंटी."

भाभींचे कागद बघताना त्याने कपाळाला आठी घातली. नवऱ्याला पगाराची स्लिप नाही, कचोऱ्यांचा धंदा वहीतसुद्धा नाही. पण मशीनवरून नकार यायच्या आधीच त्याने मला विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही जॉबला आहात ना?" ते मला तेव्हाच खटकलं. नकार येणार हे याला आधीपासून कसं ठाऊक? तरी मी आधार कार्ड काढून दिलं. भाभी माझ्याकडे बघत होत्या. अशा वेळी नाही कसं म्हणायचं, ते मला कधी जमलं नाही.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "वस्तू त्यांच्या घरात आणि कर्ज तुझ्या नावावर. हे कुठलं गणित?" तो काशीमीऱ्याच्या एका गोडाउनमध्ये सुपरवायझर आहे. दिवसभर ट्रकवाल्यांची बिलं तपासून तपासून त्याचा कुणावरच विश्वास उरलेला नाही. मी म्हटलं, "भाभी आहेत त्या. परक्या नाहीत."

कार्ड कुरिअरने आलं तेव्हा मी कामावर होते. भाभींनीच ते घेतलं. मागाहून फ्रीझर पोचवणाऱ्या माणसाला दाखवायला लागेल म्हणून ते दोन दिवस त्यांच्याकडेच राहिलं. त्या वेळी मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

पहिल्या महिन्यात भाभींनी हप्त्याचे चार हजार रोख आणून दिले आणि मी फोनवरून भरून टाकले. बिलाची फाइल आली होती, पण तिला पासवर्ड होता आणि तो काय ते मेलमध्ये बारीक अक्षरात लिहिलं होतं. मी वाचलंच नाही. विक्रेत्याने आकडा सांगितला होता, तो भरला. आणखी बघायचं काय?

दुसऱ्या महिन्यात मी त्याच कार्डावर स्वतःसाठी मिक्सर घेतला. बिल आल्यावर हप्त्यासोबत मिक्सरचे पैसेही पूर्ण भरले. पण मेसेजमधला आकडा दोन्हींच्या बेरजेपेक्षा बराच वर होता. पाचशे-सहाशेचा फरक असेल. मला वाटलं, आपलंच काही चुकलं. तिसऱ्या महिन्यात फरक आणखी वाढला, आणि मग मला ते दोन दिवस आठवले. कार्ड त्यांच्या घरात होतं. पाठीमागचा तो तीन आकडी नंबर कुणीही लिहून घेतला असेल; ओटीपी तर माझ्याच फोनवर येतो, हे तेव्हा सुचलंच नाही. त्यांचा भाचा तेव्हा सुरतेहून आला होता आणि दिवसभर मोबाइलवर काही ना काही मागवत बसायचा.

मी सरळ विचारलं नाही. दारात उभ्या उभ्या सहज विचारल्यासारखं म्हटलं, "भाभी, त्या दुकानातून अजून काही घेतलंय का तुम्ही?"

त्या हातातलं पीठ झटकत म्हणाल्या, "मतलब?"

"नाही, असंच. बिल जरा जास्त आलंय."

"कितना जास्ती?"

मी आकडा सांगितला. त्यांनी आत जाऊन पैसे आणून दिले. पण देताना नोटा एकदा मोजल्या, आणि माझ्यासमोर परत एकदा मोजल्या. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. आतून त्यांच्या नवऱ्याचा आवाज आला. गुजराती होतं, मला कळलं ते इतकंच, की बिल बघितलं का, असं तो विचारत होता.

त्यानंतर आमच्या दारांमधली हवाच बदलली. रविवारी फुटलेल्या कचोऱ्यांची थाळी इकडे यायची, ती यायची बंद झाली. जिन्यात त्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंशी बोलत असल्या आणि मी आले, की दोघी भाजीच्या भावावर यायच्या. मला खात्री होती की विषय मीच होते. आणि मीही काही कमी नव्हते. त्यांच्या दारात कुरिअरवाला दिसला की माझे कान टवकारायचे. खोक्यावर कुठल्या दुकानाचं नाव आहे ते मी पीपहोलमधून वाचायला बघायची. मनात असले विचार यायला लागले, जे इतक्या वर्षांत आले नव्हते. ही माणसं पैशाला पक्की असतात, धंदेवाली जात, आपल्यासारख्या नोकरदारांना कधी गुंडाळतील कळणारही नाही. आजूबाजूला तेव्हा भाषेवरून रोज काही ना काही वाजत होतं, आणि ते सगळं जिना चढून आमच्या मजल्यावर आलं होतं. त्या माझ्याबद्दल आपल्या माणसांत काय म्हणत असतील याचाही मला अंदाज होता.

चौथ्या महिन्यात मी पुन्हा वरचे पैसे मागितले तेव्हा भाभी दार ओढून घेऊन बाहेर आल्या.

"दीदी, सीधा बोलती हूँ. चार बोला था. हर महीने जास्ती क्यूँ? इसमें तुम्हारा कुछ हिस्सा है क्या?"

"माझा हिस्सा?" माझा आवाज चढला. "तुमच्यासाठी माझ्या नावावर कर्ज घेतलं, ते हिस्सा खायला? आणि कार्ड दोन दिवस कुणाकडे होतं?"

"मतलब मैंने चोरी किया?"

"मी तसं म्हटलं नाही."

"वही बोला." मग एकदम आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "कार्ड तुम्हारे पास, बिल तुम्हारे फोन में. मैं क्या देखूँ? तुम बोलती हो, मैं देती हूँ."

मी तरी काय बघत होते? मेसेजमधला एक आकडा. मी फोन आणला आणि आम्ही दोघी तिथेच पायरीवर बसलो. मेलमधली बारीक अक्षरं वाचून पासवर्ड काढला. माझ्या नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख. फाइल उघडली.

भाच्याने मागवलेलं काहीच नव्हतं. फ्रीझर होता, मिक्सर होता, आणि बाकी ओळी कुणी काही विकत न घेताच आल्या होत्या. कार्डाची प्रवेश फी. तिच्यावर जीएसटी. बिनव्याजी हप्त्याच्या आत दडलेलं व्याज, आणि त्या व्याजावर जीएसटी. उशिराचा दंड. वर पुन्हा व्याज.

भाभींचं बोट एका ओळीवर थांबलं. "ये मिक्सर किसका?"

"माझा. पण त्याचे पैसे मी पूर्ण भरलेत."

"इसके नीचे ब्याज लिखा है. तो ब्याज मिक्सर का है. मैंने क्यूँ दिया?"

खरं म्हणजे कुणाच्या वस्तूचं कुठलं व्याज, ते त्या फाइलवरून सांगताच येत नव्हतं. सगळं एकाच ढिगात पडलं होतं. आम्ही पुन्हा भांडलो असतो, पण भाभी उठल्या, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "चलो. दुकान."

शोरूममध्ये तो गोड विक्रेता नव्हता. नोकरी सोडून गेला म्हणाले. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, आम्ही फक्त माल विकतो. कार्ड बँकेचं असतं. तुम्ही कस्टमर केअरला फोन करा."

"पण कार्ड फुकट आहे असं तुमच्याच माणसाने सांगितलं."

"पुढच्या वर्षीपासून फुकट असेल. सुरुवातीची फी असतेच. सही केलीय ना तुम्ही?"

तिथेच एका सोफ्यावर बसून मी फोन लावला. गाणं ऐकत बराच वेळ गेला. मग फोनवर एक मुलगी आली आणि न थांबता बोलत सुटली. मी तिला थांबवून थांबवून विचारलं तेव्हा हळूहळू उलगडलं. पहिल्याच बिलात चार हजारांवर फी आणि कर होता. आम्ही फक्त चार हजार भरले. थोडेच पैसे राहिले, पण ते राहिले म्हणून दंड लागला. आणि एकदा बाकी राहिली, की कार्डावर पुढे जे घ्याल त्याला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. म्हणून मिक्सरवर घेतल्या दिवसापासून व्याज चढलं. मी नंतर त्याचे पूर्ण पैसे भरले त्याने काही फरक पडला नाही.

"हे आधी कुणी का नाही सांगितलं?"

"टर्म्स अँड कंडिशन्समध्ये आहे, मॅम."

मी फोनवर असताना भाभी उठून फ्रीझरच्या रांगेकडे गेल्या होत्या. आपल्याच मॉडेलपुढे उभ्या राहून त्या एका नव्या विक्रेत्याशी बोलत होत्या. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

"भैया, ये कितने का?"

"चोवीस. झिरो व्याजात हप्ते करून देतो."

"हप्ता नहीं चाहिए. रोकडा दूँगी. आज."

त्याने मागे मॅनेजरकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "रोकडा... तो साढ़े बाईस कर दूँगा."

भाभी मान हलवून म्हणाल्या, "सोच के आती हूँ." आम्ही बाहेर पडलो. फुटपाथवर त्या थांबल्या. "देखा? ब्याज नहीं था, तो ये डेढ़ हज़ार क्या था?"

मला आधी राग आला तो त्या विक्रेत्याचा. मग आठवलं, त्या रविवारी भाभींकडे रोख एवढे पैसे नव्हतेच. हा दुसरा भाव त्यांना तेव्हा कळला असता तरी परवडला नसता. म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला स्वस्त आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला महाग, आणि महाग पडलेल्याला वर सांगायचं की व्याज नाही. संशय होताच, आता तो आमच्यातून उठून दुसरीकडे वळला होता.

मी लेखी तक्रार केली. फी सांगितली नव्हती, या मुद्द्यावर बँकेने काही आठवड्यांनी फी आणि दंड परत केला. व्याज परत दिलं नाही. ते कुणी सोसायचं यावर आमच्या घरी चर्चा झाली. मी अर्धं-अर्धं म्हटलं. भाभी ठाम होत्या, "मिक्सर का तुम्हारा." नवरा बाजूला बसून ऐकत होता. तो म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं." मला आवडलं नाही, पण मी दिलं. उरलेले हप्ते एकदम फेडावेत म्हटलं तर मुदतीआधी फेडायचाही वेगळा चार्ज होता, म्हणून हप्तेच चालू ठेवले. आता बिल आलं की मी फाइल उघडायची, त्यांना दारातच दाखवायची, आणि मगच त्या पैसे आणायच्या. पहिल्या वेळी ते मला टोचलं.

शेवटचा हप्ता भरल्यावर मी कार्ड बंद करायला फोन केला. पलीकडचा माणूस कार्ड बंद करायचं सोडून लिमिट दुप्पट करून देतो म्हणायला लागला. मी तीनदा "बंद करा" म्हटलं, तेव्हा कुठे त्याने ऐकलं. संध्याकाळी भाभी आल्या. उभ्याच राहून म्हणाल्या, "दीदी, बुरा मत मानना. एक कागज पे लिख दो कि अब मेरा कुछ बाकी नहीं."

वर्षापूर्वी हे कुणी मागितलं असतं तर मी त्या माणसाशी बोलणं टाकलं असतं. मी कोरा कागद घेतला, लिहिलं आणि सही केली. मग म्हटलं, "तुम्हीपण खाली सही करा. माझंही काही देणं नाही म्हणून."

त्यांनी गुजरातीत सही केली, कागदाचा मोबाइलवर फोटो काढला, तो मला पाठवला आणि पोचला का बघायला सांगितलं. पोचला होता. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि मी चहा टाकला.