रॉकेटसाठी विणलेली छत्री

सत्तरच्या दशकात मी नागपुरात मुलींच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. धरमपेठेत मावशीकडे राहत होते, लग्न व्हायचं होतं, आणि मला पुठ्ठ्याची रॉकेटं करायचा नाद लागला होता. शाळेच्या ग्रंथालयात कुणीतरी दिलेल्या परदेशी मासिकांचा गठ्ठा धूळ खात पडला होता. त्यात या रॉकेटांच्या आकृत्या होत्या: कागदाची नळी, लाकडाचं टोक, खाली पंख आणि पोटात घडी करून ठेवलेली छोटी छत्री. दिवाळीतल्या बाणाला लांब काडी लागते, नाहीतर तो कुणाच्या घरात शिरेल याचा नेम नाही. हे रॉकेट काडीशिवाय सरळ वर जातं आणि छत्री उघडून सावकाश खाली येतं. म्हणजे तेच पुन्हा उडवता येतं. मला भुरळ पडली ती याची.

माझी पहिली नळी प्रयोगशाळेच्या टेबलावर झाली. ड्रॉइंग पेपर गुंडाळून डिंकानं चिकटवला, तर वाळल्यावर ती भोपळ्याच्या वेलासारखी वळली. प्रयोगशाळेतले परिचर बाजूला परीक्षानळ्या धूत होते. वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, उमरेडच्या विणकर घरातले. मी त्यांना भाऊ म्हणत असे.

"बाई, कागद ओला करून राहिल्या तुम्ही," ते म्हणाले. "डिंकानं ताणला जाते तो. मले द्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून वाटीभर खळ आणली. ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला कडकपणा यावा म्हणून विणकर लावतात ती. कागदाच्या पट्ट्या काढून एका लोखंडी गजावर त्यांनी तिरप्या गुंडाळल्या, एक थर उजवीकडून, दुसरा डावीकडून. सावलीत दोन दिवस वाळवलेली ती नळी मी टेबलावरून घरंगळवली, तर ती सरळ रेषेत शेवटपर्यंत गेली. नळी उन्हात वाळवू नये आणि एका दिशेनं गुंडाळू नये, हे माझं मत त्या दिवशी पक्कं झालं.

मग शाळा सुटल्यावर रोज तासभर आमचं काम चालायचं. काम कमी, वाद जास्त. मला तीन पंख हवे होते. भाऊंना चार, कारण चार दिशा चार. पंख मी पुठ्ठ्याचे करायचे, ते म्हणायचे बांबूच्या कामट्यांवर पतंगाचा कागद ताणा. तीन पंखांवर ते अखेर राजी झाले, पण कामट्यांच्या बाबतीत तेच बरोबर निघाले. पुठ्ठ्याचा पंख एकदा जमिनीवर आपटला की कोपऱ्यात मऊ पडतो आणि पुढच्या वेळी फडफडतो. कामटीचा पंख तुटतो तरी स्वच्छ तुटतो, अन् दहा मिनिटांत नवा बसतो. टोक त्यांनी पांगाऱ्याच्या लाकडाचं कोरलं. पांगारा हलका असतो, पण मला टोक जड हवं होतं. वजन पुढं असल्याशिवाय रॉकेट सरळ जात नाही. ते त्यांना पटेना, म्हणून मी रॉकेटच्या मध्याला दोरी बांधून शाळेच्या गच्चीवर ते डोक्याभोवती गरगर फिरवलं. ते उलटं होऊन शेपटीकडून फिरायला लागलं. टोकात शिशाचा तुकडा बसवून पुन्हा फिरवलं, तर टोक पुढे करून शहाण्यासारखं फिरलं.

"हे बरं हाय," भाऊ म्हणाले. "उडवायच्या आधीच समजते."

शोभेच्या दारूचं नळकांडं आम्ही स्वतः कधी भरलं नाही. कामठीला लग्नाच्या वरातींसाठी आतषबाजी करणारे एक म्हातारे कारागीर होते, त्यांच्याकडून आणलं. आम्हाला काय हवंय ते त्यांनी दोनदा विचारून घेतलं, आणि दारू जळून संपताना वरच्या बाजूनं हलका फटका बसेल अशी बेतानं भरलेली नळकांडी दिली. त्या फटक्यानं टोक निघायचं आणि छत्री बाहेर पडायची.

नाताळच्या सुट्टीत आम्ही ते रॉकेट नरखेडजवळ माझ्या काकांच्या शेतात नेलं. काकांची संत्र्याची बाग होती आणि बागेपलीकडे मोकळं पडीत रान. काकांनी विहिरीवरून पाण्याच्या दोन बादल्या आणून ठेवल्या आणि स्वतः बांधावर उभे राहिले. लांब बांबूला उदबत्ती बांधून मी वात पेटवली. रॉकेट सुंदर गेलं. सरळ, काडीशिवाय, आंब्याच्या झाडाच्या तिप्पट उंच. वर टोक निघालेलंही दिसलं. मग ते सगळं दगडासारखं खाली आलं आणि नळी अर्ध्यापर्यंत काळ्या मातीत रुतली.

छत्री उघडलीच नव्हती. मी ती पॉलिथिनच्या पिशवीची केली होती, मासिकात तशीच होती. सकाळच्या थंडीत घड्या एकमेकींना चिकटून पापडासारख्या कडक झाल्या होत्या, आणि एक कड फटक्यानं वितळली होती.

"म्या सांगतलं होतं," भाऊ म्हणाले. "कापड पाह्यजे."

"कापड जड होईल, भाऊ."

"जाड कापड जड होईल. बारीक नाही होणार."

"एवढं बारीक आणायचं कुठून?"

भाऊंनी मातीतून नळी उपसून काढली. परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत बसले. काटोल गेल्यावर मग आपणहून बोलू लागले. उमरेडला त्यांचे थोरले भाऊ अजून मागावर बसत होते. तसं बारीक कापड त्यांच्यासारखं कुणाला विणता येत नसे. पण आठ वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. करवती काठाच्या, म्हणजे काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेल्या साडीला मागावर दोन माणसं लागतात, आणि हे दोघे लहानपणापासून शेजारी बसत आले होते. भाऊंनी शाळेची नोकरी धरली तेव्हा थोरल्यांचा जोडीदार गेला. त्यांना करवती साडी सोडून साधं विणावं लागलं. त्या दिवशी थोरल्यांनी एवढंच म्हटलं होतं, "माहा एक हात घेऊन चालला तू." त्यानंतर भाऊ त्या घरी गेले नव्हते.

मी म्हटलं, "मग राहू द्या. मी पॉलिथिनला पावडर लावून बघते." ते मनापासूनच म्हटलं होतं. एका खेळण्यासाठी माणसानं इतकं जुनं दुखणं उकरावं असं मला वाटत नव्हतं.

जानेवारीतल्या एका रविवारी ते उमरेडला गेले. बुधवारी भिंग पुसता पुसता म्हणाले, "दादा विचारत होते, छत्री गोल कापायची का अठपैलू."

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळलं. भाऊ दारात उभे राहिले तेव्हा थोरले मागावरच होते. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "काहून आला?" भाऊंनी सांगितलं, रॉकेटच्या छत्रीसाठी बारीक सुती कापड पाहिजे. थोरल्यांच्या हातातला आडवं सूत नेणारा धोटा थांबला. "कशाच्या?" असं त्यांनी पुन्हा विचारलं, आणि वहिनी आतून हसल्या. मग भाऊंनी अंगणातल्या मातीवर काडीनं आकृती काढून दाखवली. थोरले उठून बाहेर आले आणि आकृतीपाशी उकिडवे बसले. जेवायच्या वेळेपर्यंत दोघं तिथेच होते.

कापड महिन्याभरानं झालं. एवढं विरळ आणि हलकं की हातावर ठेवलं तर मनगटावरचे केस दिसत. आठही कडा वहिनींनी दुमडून शिवल्या होत्या. फटक्यानं ते जळू नये म्हणून मध्ये पळसाचं हिरवं पान गुंडाळून घालायचं, ही कल्पना थोरल्यांची.

दुसऱ्या खेपेला थोरले आमच्याबरोबर नरखेडला आले. उंच, कृश, कमी बोलणारा माणूस. त्यांनी रॉकेट हातात घेऊन नळी बोटानं टिचकवून पाहिली आणि धाकट्याला विचारलं, "खळ कोणी केली?"

"म्या."

"बरी हाय," ते म्हणाले. भाऊंनी खाली पाहिलं.

मी वात पेटवली. रॉकेट वर गेलं, टोक निघालं, आणि आठ कोनांचं पांढरं कापड निळ्या आभाळात अलगद फुगलं. पॉलिथिनची छत्री हवा कोंडून हेलकावे खाते, तिला मध्ये भोक पाडावं लागतं. सुती छत्रीतून हवा आपोआप झिरपते, ती न डुलता उतरते. याबाबत पुढे मी अनेकांशी वाद घातला आहे आणि आजही घालायला तयार आहे. पण त्या क्षणी मी छत्रीकडे कमीच पाहत होते. दोघे भाऊ तोंड वर करून चालत होते, वाऱ्याबरोबर ती सरकेल तसे, संत्र्यांच्या ओळींतून, एकमेकांना "इकडं गा", "तिकडं नाही, तिकडं" असं सांगत. थोरल्यांचं धोतर एका फांदीला अडकून फाटलं तरी ते थांबले नाहीत. रॉकेट शेजारच्या मोसंबीच्या झाडावर टेकलं. ते काढायला भाऊ चढले आणि थोरल्यांनी खालून त्यांचा पाय धरला.

काकूनं विहिरीपाशी भाकरी, पिठलं आणि ठेचा दिला. जेवताना थोरल्यांचं छत्रीबद्दल समाधान नव्हतं. ताणा अजून विरळ चालला असता, असं त्यांचं म्हणणं. भाऊ म्हणाले, मग कड उसवेल. अर्धा तास हेच चाललं. मी आणि काकू भाकरी खात ऐकत राहिलो.

मे महिन्यात भाऊ सुट्टीचे सगळे दिवस उमरेडला राहिले. जून महिन्यात शाळेत आले तेव्हा त्यांनी सांगितलं, सुट्टीत दोघांनी मिळून एक करवती काठाची साडी विणली. आठ वर्षांचा खंड पडला होता, तरी धोटा हातातून एकदाही निसटला नाही, असं ते म्हणाले. साडी विकायची नव्हती, वहिनींसाठी होती. पुढे दरवर्षी मे महिना त्यांचा तसाच जायचा.

आमची रॉकेटं अजून चार हिवाळे उडाली. मग माझं लग्न झालं आणि मी पुण्याला गेले.