गायरानाचं पथ्य

“हळू बोल ना बापू. बिमार हाये थे.”

कोणी पेशंट जवळपास नसे. समोर नुसती जमीन असायची, लोधीखेड्याजवळच्या नाल्यापलीकडचं गायरान. आणि आमच्या सिस्टरबाई कुंपणाच्या तारेला हात लावून, वॉर्डाच्या दारात उभ्या राहाव्यात तशा उभ्या.

आम्ही एकाच सरकारी दवाखान्यात होतो. त्या नर्स, मी औषधं देणारा. बाई रिटायर झाल्या तरी त्यांची ड्युटी काही सुटली नाही. फक्त पेशंट बदलला. तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील, ज्यांना कोणाची तरी काळजी घेतल्याशिवाय जेवण जात नाही.

त्या गायरानाच्या कडेला एक केमिकलचा कारखाना होता. त्याचं काळं पाणी कित्येक वर्षं तिथंच सोडलं गेलं. नाल्यावर कपडे धुणाऱ्या बायका हातांवर चट्टे घेऊन दवाखान्यात यायच्या. बाई मलम लावायच्या आणि म्हणायच्या, “मलम हाताले लावून राहिली मी, जखम तिकडं हाये.” कारखाना बंद पडला, पण जमीन तशीच राहिली. वरून पांढरी खपली धरलेली, पावसाळ्यातसुद्धा उघडीबोडकी.

बाई त्याच गायरानात लहानाच्या मोठ्या झालेल्या. त्या आणि त्यांचा मोठा भाऊ तिथं गुरं चारायचे. “बोरं खाऊन खाऊन दात आंबायचे आमचे,” त्या सांगायच्या. “अन् तितर असे ओरडायचे का दादा मले हाक मारून राहिला, हे आयकूच नाई यायचं.” 

गावानं अर्ज केले, चकरा मारल्या. त्यात बाई सगळ्यांच्या पुढे. शेवटी काम सुरू झालं. विषारी थर खरवडून ट्रकांनी दूर नेला, चांगली माती आणून टाकली. नागपूरहून आलेल्या तज्ज्ञांना बाईंनी पहिला प्रश्न विचारला, “साहेब, पथ्य सांगा.” साहेब हसले, पण त्यांनी पथ्य सांगितलं. गवत आणि झाडं लावायची. तपासणीत माती आणि गवत साफ निघेपर्यंत एकही जनावर आत सोडायचं नाही.

बाईंनी बचत गटातल्या बायकांना घेऊन शेणखत टाकलं, गवताचं बी पेरलं, करंज लावले. आधी नुसता तरोटा, ते रानटी तण, उगवला. लोक हसले. बाई म्हणाल्या, “पेज पचून राहिली, भाकर मंग मागन.” पुढे गवत धरलं, फुलपाखरं आली. एका सकाळी झुडपातून तितर ओरडला. बाईंनी माझी बाही घट्ट धरली आणि कितीतरी वेळ सोडली नाही.

त्याच साली उन्हाळा कडक निघाला. चारा मिळेना. सगळ्या शिवारात हिरवं असं तेवढंच होतं. बाईंच्या भावाची गाय नुकती व्यालेली. तो कुंपणातून आत गेला आणि गवताचा भारा बांधून निघाला. बाई वाटेत उभ्या राहिल्या.

“दादा, ठेव थे.”

“माह्या गाईच्या पोटात काई नाई, बाई. अन् हे गायरान आपल्या बापजाद्याचं हाये.”

“मले मालूम हाये. पन तपासनीत अजून जहर निघून राहिलं. गाईच्या दुधातून लेकरायच्या पोटात जाईन.”

बाईंनी हात वर करून त्याच्या डोक्यावरचा भारा उतरवला. त्या दिवसापासून बहिणीशी बोलायचंच त्यानं सोडलं. बाई दुसऱ्याच्या शेतातून कडबा मागून त्याच्या गोठ्यात पाठवत राहिल्या. तो ठेवून घ्यायचा, निरोप मात्र द्यायचा नाही.

त्या भाऊबीजेला मी फराळाला गेलो होतो. ताट तयार, पाट मांडलेला. बाई दाराकडे तोंड करून बसलेल्या. “दूध काढत असन,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं वात पुढे सारली आणि पुन्हा म्हणाल्या, “गाय लवकर पान्हा सोडत नाई त्याची.” भाऊ आला नाही.

पुढच्या हिवाळ्यात बाईंना न्यूमोनिया झाला. सौंसरच्या दवाखान्यातून नागपूरला नेलं, पण त्या परतल्या नाहीत. भावानं खांदा दिला. रडताना त्याला कोणी पाहिलं नाही.

गायरान साफ असल्याचा रिपोर्ट त्यानंतर आला. ज्या सकाळी फाटक उघडलं, त्या सकाळी अख्ख्या गावाची गुरं आत शिरली. बाईंच्या भावाची गाय तेवढी बाहेर उभी होती. ती मान लांबवत होती आणि तो कासरा धरून होता.

मी जवळ जाऊन म्हणालो, “भाऊ, सोडा ना. साहेबांनी परवानगी दिली.”

“साहेबानं देल्ली,” तो म्हणाला. “बाईनं अजून हो म्हनलं नाई.”

आणि तो गाय घेऊन घराकडे वळला.