ठकूला शोधणारी भागाआत्या

भागाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी वैजापूरला एका लग्नघरी होते. भावानं एवढंच सांगितलं, "आत्या गेली. झोपेतच." मिळेल त्या जीपनं हर्सूलला निघाले. वाटेत डोळ्यांपुढं आत्याचा चेहरा यायला हवा होता. पण येत राहिली ती मी कधीच न पाहिलेली एक बाई... ठकू. शेवटची काही वर्षं आत्यानं तिचाच ध्यास घेतला होता आणि त्या शोधात मलाही सोबत नेलं होतं.

ठकू म्हणजे भागाआत्याची आत्या, माझ्या आजोबांची धाकटी बहीण. आमचं घराणं कन्नडकडचं, मेंढरं राखणारं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरातल्या गिरणीत पलटणींसाठी खाकी कापड निघत होतं आणि तिथं बायकांनाही कामाला घेत होते. ठरलेल्या लग्नाला नाही म्हणून ठकू घरातून निघाली ती थेट त्या गिरणीत गेली. पुन्हा परतली नाही, लग्नही केलं नाही. "आपल्याला ती मेली," असं आजोबांनी सांगून टाकलं, आणि घरात तिचं नाव घ्यायची कुणाची टाप राहिली नाही.

भागाआत्याचं लग्न झालं होतं, पण वर्षाच्या आतच नवरा वारला आणि ती माहेरी आली. मग सगळा जन्म भावांच्या घरी गेला. या घरी बाळंतपण आलं की इथं, त्या घरी कापणी आली की तिथं. तिला कुणी वाईट बोललं नाही. पण पातेल्यात काय उरलंय ते बघितल्याशिवाय ती स्वतःचं ताट वाढून घ्यायची नाही. म्हातारपणी ती हर्सूलला माझ्याकडं राहायला आली. एका दुपारी शेंगा फोडता फोडता म्हणाली, "सुमे, ठकूआत्याचा पत्ता लागंल का गं?"

"आत्या, ती आज असती तर शंभरीची असती."

"ती नसंल. पर तिला पाह्यलेलं कुनीतरी असंल की. मला तिचं एकच इचारायचंय... एकटीला करमत व्हतं का तिला."

असा आमचा शोध सुरू झाला. गिरणीच्या खुणा कधीच पुसल्या गेल्या होत्या. रिक्षा करून आम्ही त्या भागातल्या गल्ल्यांतून हिंडायचो. म्हातारं माणूस दिसलं की आत्या रिक्षा थांबवायची. "गिरणीतली ठकू म्हाईत व्हती का वो तुमाला?" लोक पाणी द्यायचे, खुर्ची द्यायचे, माहिती मात्र कुणाकडंच नव्हती. मी कंटाळले होते. शेवटी एका म्हाताऱ्या शिंप्यानं जुन्या शहरातलं एक घर सांगितलं. तिथल्या जैनबआपांची आई लढाईच्या वेळी गिरणीत होती म्हणे.

जैनबआपा ऐंशी ओलांडलेल्या, दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. आत्यानं नाव घेतलं तसा त्यांचा हात थांबला. "ठकू खाला? वो तो हमारे घर में ही रैती थी. मेरेकू गोद में खिलाई उसने."

आत्या तिथंच पायरीवर बसली.

मग कळलं ते असं. लढाई संपली, खाकीची मागणी गेली, पुष्कळ बायांना काढून टाकलं. जैनबच्या आईनं ठकूला आपल्या घराची मागची खोली दिली; जैनबची ती खाला, म्हणजे मावशी झाली. ती गोधड्या शिवायची. सिनेमाचं भारी वेड होतं तिला, हसायची मोठ्यानं. पुढं छातीच्या दुखण्यानं गेली, गल्लीतल्याच लोकांनी खांदा दिला. "हमकू लगा, उसका कोई नहीं," जैनबआपा म्हणाल्या.

"व्हतं की. मी व्हते," आत्या म्हणाली.

जैनबआपांनी तांदूळ बाजूला सारले. "तुम भागी है क्या? एक बार कन्नड के बाजार में भतीजी मिली बोली थी खाला. हाथ में रेवड़ी रखी, तो छोरी डर के भाग गई. उसके बाद नहीं गई वो कन्नड."

आत्याला तो बाजार आठवत होता. अनोळखी बाई, हातातली रेवडी, गालावरून फिरलेला खरखरीत हात... पण ती बाई कोण, हे तिला आयुष्यभर कुणी सांगितलं नव्हतं. "भ्याले नव्हते गं मी," ती जैनबआपांचा हात धरून म्हणाली, जणू समोर ठकूच बसली होती. "बा येताना दिसला म्हनून पळाले. रेवडी खाल्ली मी. समदी खाल्ली."

मग तिनं मनातला तो प्रश्न विचारला, एकटीला करमत होतं का. जैनबआपांनी विचार करून उत्तर दिलं. "खुश थी. अपनी मर्जी की मालकीन थी. पर शाम कू दरवाजे में बैठती थी, तो बात नहीं करती थी किसीसे."

आत्यानं मान हलवली. मागची खोली बघायची का, असं जैनबआपांनी विचारल्यावर ती उठली आणि आत जाऊन भिंतीला पाठ टेकून बसली. तिथं आता धान्याचे डबे होते. मी घाई केली नाही.

त्यानंतर त्या दोघींचं रोज फोनवर बोलणं सुरू झालं. एकीची दख्खनी, दुसरीची आमच्याकडची मराठी, दोघींना ऐकू कमी. मला बाहेरच्या खोलीत एकच बाजू ऐकू यायची, तीही पुष्कळदा खळखळून हसण्याची. आत्या इतकं हसते हे मला तोवर माहीत नव्हतं. जैनबआपांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, आज काय रांधलं. आणि आत्या, जिनं जन्मभर दुसऱ्यांच्या चुली सांभाळल्या, ती सांगायची, "आज मी माझ्यासाठी पिठलं केलं."

दहाव्याला जैनबआपा नातवाच्या आधारानं आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याचा फोन वाजला. तो बंद करायचं आमच्यापैकी कुणाला सुचलंच नव्हतं. मी उचलला. पलीकडून जैनबआपांचा हळू आवाज आला, "आज क्या पकाया?"

"पिठलं," मी म्हणाले.

"अच्छा किया."

त्यानंतरही फोन कुणीच ठेवला नाही. आता रोज दुपारी मी जेवण उरकून त्या फोनजवळ बसते.