दहा तुरीचे दाणे

सर्वेक्षणाच्या पहिल्या आठवड्यात मी हिंगणीत बावीस गरोदर बायांचे फॉर्म भरले. मुख्य प्रश्न एकच: बाळंतपणाची भीती शून्य ते दहापैकी किती? आकडा पाचच्या वर गेला, तर प्रसूतीच्या खोलीत बाईच्या पसंतीचं एक माणूस सोबत राहू द्यायचं, असं ठरलं होतं. माझ्या यादीत बावीस शून्यं. यादी अशी स्वच्छ दिसते म्हणून मला बरंही वाटलं. आज लिहायला लाज वाटते.

तेविसाव्या घरी उत्तरं सासूच देत होती. "आमच्या सुनेले कायचं भेव? लिहा शून्य." सून मान खाली घालून मेथी निवडत होती. मी शून्य लिहिलं.

फाटकापर्यंत सोडायला आली तेव्हा सून हळूच म्हणाली, "मागच्या खेपेले आत मी एकटीच होती. लेकरू गेलं, तेबी कोणी सांगे ना. यंदाबी एकटीच राहू काय जी?"

म्हणजे शून्य लिहून मीच तिचं माणूस काढून घेतलं होतं. घरच्यांसमोर भीती बोलून दाखवणं इकडे अपशकुन मानतात. इतकी वर्षं नर्स आहे, मला हे माहीत होतं.

सोमवारी तेवीसही जणींना उपकेंद्रात वजनाला बोलावलं. सासवा बाहेर, पडदा ओढलेला. एका वाटीत दहा तुरीचे दाणे, दुसरी रिकामी. जितकं भेव, तितके दाणे इकडे टाका. शाळेतल्या मॅडमनी सहा टाकले, वीटभट्टीवरच्या छत्तीसगडी बाईने नऊ. त्या सुनेने दहाही टाकले आणि विचारलं, "आनखी आहेत काय?"

"सोबत कोण पाहिजे?"

"माय. रोहण्याहून येईन."

नवे फॉर्म मागायला तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात गेले, तर साहेब चिडले. "सिस्टर, तेव्हा शून्य, आता दहा? सर्वेक्षण आहे हे, हळदीकुंकू नाही."

"म्हणूनच खरं उत्तर पाहिजे. चूक माझी होती, तसं लिहून सही केलीय. नवे फॉर्म द्या."

तेवीस कोरे फॉर्म हातात पडेपर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही.

त्या सुनेच्या बाळंतपणाच्या दिवशी सासू दारात आडवी उभी. "काऊन, आमी मेलो काय?"

"नाही. तुम्ही बाकावर बसा, चहा घ्या," मी म्हटलं. सुनेच्या मायचा हात धरून तिला आत घेतलं आणि दार लावलं.